आधी रान बघा, मग इंजिन

अलिबागजवळच्या नागाव किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी लठ्ठ टायरांच्या चारचाकी गाड्या भाड्यानं मिळतात. पैसे द्यायचे, हेल्मेट मिळालंच तर चढवायचं, वाळूत दोन चकरा मारायच्या, घरच्यांकडून व्हिडिओ काढून घ्यायचा, की झालं. मनालीजवळची सोलंग व्हॅली असो नाहीतर दुबईचं वाळवंट, तिथेही हाच प्रकार. ऑल-टेरेन व्हेइकलशी, म्हणजे एटीव्हीशी, मराठी पर्यटकाची ओळख होते ती अशी घटकाभराची. समोर येईल त्या गाडीवर बसायचं असतं, निवडायचं काही नसतं.

अमेरिकेतल्या माँटानाच्या रँचवर किंवा न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांच्या कुरणावर मात्र हीच गाडी रोजच्या कामाची असते. कुंपणाचे खांब वाहायचे, गुरं वळवायची, खत पसरायचं, हिवाळ्यात दारातला बर्फ ढकलायचा. तिथे ती विकत घेणं हा मोठा व्यवहार असतो, आणि शोरूममध्ये ७० सीसीपासून १००० सीसीपर्यंतची यंत्रं ओळीनं मांडलेली असतात. गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती सीसी?’ असाच असतो. वास्तविक तो सगळ्यात शेवटी विचारायचा. गाडी कुठल्या जमिनीवर चालणार, तिच्यावर काय लादणार आणि हँडल कोणाच्या हातात असणार, या तीन गोष्टी ठरल्या की निम्मी शोरूम आपोआप बाद होते.

या गाडीचा जन्मच मुळी एका हंगामी अडचणीतून झाला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतले होंडाचे विक्रेते तक्रार करत होते की हिवाळ्यात मोटरसायकली खपत नाहीत. त्या दिवसांत विकता येईल असं काहीतरी द्या. ओसामू ताकेउची या अभियंत्याकडे ते काम आलं आणि १९७० साली ‘यूएस ९०’ ही तीनचाकी बाजारात उतरली. ८९ सीसीचं इंजिन, कमी हवेचे रुंद बलून टायर, किंमत ५९५ डॉलर. पुढे तिचं नाव ‘एटीसी ९०’ झालं. १९७१च्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ चित्रपटात जेम्स बाँड हिच्यावरूनच पळ काढतो.

तीन चाकांची गाडी वळताना सहज कलंडायची. सुझुकीनं १९८२ मध्ये ‘क्वाडरनर’ आणली आणि चार चाकांचा जमाना सुरू झाला. दरम्यान अपघातांची संख्या एवढी वाढली की अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं प्रकरण न्यायालयात नेलं. १९८८ मध्ये होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलॅरिस या पाच कंपन्यांनी तीनचाकी विकणं थांबवण्याचं, चालकांना प्रशिक्षण देण्याचं आणि वयानुसार इंजिनाची मर्यादा सांगण्याचं मान्य केलं.

आज बाजारात ढोबळमानानं तीन घराणी आहेत.

पहिलं कामाच्या गाड्यांचं, ‘युटिलिटी’. होंडा रँचर, यामाहा कोडिअ‍ॅक आणि ग्रिझली, पोलॅरिस स्पोर्ट्समन, कॅन-अ‍ॅम आउटलँडर ही त्यातली ठळक नावं. पुढेमागे सामान बांधायला लोखंडी रॅक, मागे ट्रॉली जोडायचा हूक, गरजेला चारही चाकांना ताकद देणारं बटण आणि तीनशे किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त वजन.

दुसरं घराणं ‘स्पोर्ट’. यामाहाची वायएफझेड ४५०आर किंवा रॅप्टर ७०० घ्या. यांना रॅक नाही, पुढच्या चाकांना ताकद नाही. क्लच दाबून गिअर टाकायचे आणि मागची चाकं साखळीवर फिरवायची. वजन मात्र १९० किलोंच्या आसपास. उडी मारायला, वाळूच्या टेकड्या चढायला, शर्यतीच्या मातीत फिरायला यांच्यासारखी गाडी नाही. पण हिच्यावर खताचं पोतं न्यायचं म्हटलं तर ठेवणार कुठे?

तिसरं घराणं ‘साइड-बाय-साइड’. काही जण त्याला यूटीव्ही म्हणतात. हँडलच्या जागी स्टिअरिंग, शेजारी-शेजारी दोन सीटा, सीटबेल्ट, डोक्यावर लोखंडी पिंजरा आणि मागे हौदा. कावासाकीची ‘म्यूल’ १९८८ पासून शेतांवर राबते आहे. २००४च्या सुमाराला यामाहाच्या ‘ऱ्हायनो’नं या प्रकाराला मौजेच्या बाजारात आणलं. रोज दोघं जण कामावर जाणार असतील, तर एकट्यासाठी बनवलेल्या एटीव्हीवर दुसऱ्याला मागे बसवण्यापेक्षा इथे पैसे घालणं केव्हाही बरं. एटीव्हीची लांब सीट पाहून ती डबलसीट आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ती चालकाला पुढेमागे सरकता यावं म्हणून लांब असते. चढावर पुढे सरकायचं, उतारावर मागे, वळणावर आत झुकायचं. मागे कोणी बसलं की चालकाची ही हालचालच बंद होते.

आता जमिनीकडे वळू.

वाळूत हलकी, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट गाडी उत्तम. कॅलिफोर्नियातल्या इम्पिरिअल सँड ड्यून्समध्ये हौशी मंडळी मागच्या चाकांना पंख्यांच्या पात्यांचे ‘पॅडल’ टायर लावतात. ते वाळू मागे फेकत गाडी पुढे रेटतात. कठीण रस्त्यावर मात्र कुचकामी. या ड्यून्समध्ये गाडीला उंच काठीवर झेंडा लावावा लागतो, कारण टेकडीच्या पलीकडून येणारा दुसरा माणूस शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

चिखलाचं गणित उलटं. तिथे पुढची चाकंही खेचणारी हवीत आणि त्यांचा डिफरन्शिअल लॉक करता आला पाहिजे, म्हणजे एक चाक हवेत गरगरत असताना दुसरं थांबून राहत नाही. चिखलासाठीच बनवलेल्या काही गाड्यांत रेडिएटर वर उचलून पुढच्या रॅकपाशी बसवलेला असतो, कारण खाली असता तर चिखलानं बुजून इंजिन तापलं असतं.

जंगलवाटांवर वेगळंच मोजमाप लागतं, ते म्हणजे रुंदी. अमेरिकेच्या वनखात्याच्या बऱ्याच वाटांवर ५० इंचांहून रुंद वाहनाला मज्जाव असतो. नेहमीची एटीव्ही ४६ ते ४८ इंचांची, म्हणून सहज जाते. साइड-बाय-साइड बहुतेकदा ६० इंचांच्या पुढे असते आणि फाटकावरच अडते. याउलट वेस्ट व्हर्जिनियातल्या हॅटफील्ड-मकॉय वाटा दोन्हींसाठी खुल्या आहेत. २००० साली सुरू झालेलं हे जाळं आता हजार मैलांवर गेलं आहे, आणि कोळशाच्या खाणी मंदावलेल्या त्या भागात लॉज आणि खानावळी याच पर्यटकांवर चालतात. कुठे फिरायचं ते न ठरवता गाडी घेणारा माणूस अशा फाटकापाशी येऊन अडकतो.

डोंगरउतारावर इंजिनाचा ब्रेक लागतो का, हे विचारावं. बऱ्याच एटीव्हींत बाइकसारखे बदलत राहायचे गिअर नसतात. स्कूटरसारखा पट्टा असतो. साध्या पट्ट्याच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिन चाकांपासून सुटतं आणि उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून डोंगराळ भागासाठी इंजिन-ब्रेकिंगची सोय असलेली गाडीच बघावी.

वळणाचंही एक कोडं आहे. साध्या, स्पोर्ट प्रकारच्या गाडीत मागची दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर असतात आणि बरोबरीनं फिरतात. लेझीमची रांग वळताना बाहेरच्या गड्याला झपझप पावलं टाकावी लागतात आणि आतला जागच्या जागी पाय हलवतो; इथे मात्र दोन्ही चाकांना सारखंच अंतर कापायची सक्ती. म्हणून चालकानं हँडल फिरवून भागत नाही. त्यानं आतल्या बाजूला झुकून वजन असं वाटायचं असतं की गाडी कलंडू नये आणि आतलं चाक किंचित हलकं होऊन घसरावं. मातीत ते घसरतं. डांबरावर घसरत नाही, अडखळतं, आणि गाडी उलटण्याची शक्यता वाढते. एटीव्ही पक्क्या रस्त्यावर चालवू नका, असा इशारा गाडीवरच चिकटवलेला असतो त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण टायरात आहे. मोटारीत आपण ३०-३२ पॉइंट हवा भरतो. एटीव्हीच्या टायरांत साधारण ३ ते ७ पॉइंट पुरते. एवढ्या मऊ टायरात एका पॉइंटचा फरकही जाणवतो. डावीकडे ४ आणि उजवीकडे ६ असले तर गाडी एका बाजूला ओढू लागते. पेट्रोलपंपावरचा काटा इतका कमी दाब नीट दाखवत नाही. त्यासाठी वेगळा, कमी दाबाचा गेज मिळतो, आणि एटीव्ही घेणाऱ्यानं पहिल्या दिवशी तोच घ्यावा.

ओझ्याचा हिशेब बहुतेक जण फार उशिरा करतात. पोलॅरिस स्पोर्ट्समन ५७० ही मधल्या आकाराची, ४४ अश्वशक्तीची गाडी. तिच्या पुढच्या रॅकवर सुमारे ४० किलो आणि मागच्यावर सुमारे ८० किलो ठेवता येतात. आकडे ऐकायला भरघोस, पण चालक, फवारणीची टाकी आणि अवजारं मिळून कंपनीनं दिलेली एकूण वजनाची मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. शिवाय टाकीतलं पाणी डचमळतं आणि वळणावर वजन भलत्याच बाजूला जातं. जास्त ओढायचं असेल तर ते रॅकवर चढवण्यापेक्षा ट्रॉलीत घालावं. ट्रॉली जोडली की ‘हाय’ सोडून ‘लो’ गिअरमध्ये चालवावं. हायमध्ये ओझं ओढलं की पट्टा तापतो, घसरतो आणि शेवटी जळतो. ज्यांना दिवसभर हळूहळू ओढकाम करायचं आहे ते काही जण म्हणूनच होंडाच्या गिअरवाल्या गाड्या पसंत करतात. तिथे पट्ट्याची कटकटच नाही.

एवढं ठरलं, की मग सीसी. पहिल्यांदा घेणाऱ्याला, थोडंफार शेतकाम आणि फेरफटका यासाठी ४०० ते ६०० सीसीची युटिलिटी गाडी पुरेशी होते. ८५०-१००० सीसी लागतात ते जड ट्रॉली, खोल चिखल किंवा मोठे चढ रोजचे असतील तर. मोठ्या इंजिनासोबत गाडीचं वजनही वाढतं. ती अडकली तर एकट्याला हलवता येत नाही आणि उलटली तर अंगावरून ढकलता येत नाही.

ताकदीपेक्षा बाकीच्या गोष्टी किती मोलाच्या, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विचारावं. २००७ पासून होणाऱ्या ‘बाहा एसएई इंडिया’ स्पर्धेत देशभरातल्या महाविद्यालयांचे संघ स्वतः बनवलेली एकसीटी एटीव्ही घेऊन उतरतात. महाराष्ट्रातले संघ त्यात दरवर्षी असतात. इंदूरजवळच्या पिथमपूरमध्ये खड्डे, उंचवटे आणि चिखलातून चार तासांची सहनशक्तीची शर्यत चालते. इंजिन ठरवून दिलेलं, सगळ्यांना सारखंच. त्यामुळे गाडी टिकते की मोडते हे वजन, सस्पेन्शन आणि वेल्डिंगवर ठरतं.

आता चालक. दुचाकी चालवणाऱ्याला एटीव्ही सोपी वाटते आणि तिथेच घात होतो. उजवी मूठ पिळून काही होत नाही. अ‍ॅक्सिलरेटर अंगठ्यानं दाबायचा असतो. खडबडीत जमिनीवर शरीर मागेपुढे हेलकावतं तेव्हा पिळायची मूठ नकळत पिळली जाईल, म्हणून बहुतेक गाड्यांत अंगठ्याची पट्टी दिलेली असते. दुसरी सवय पायाची. बाइक कलली की आपण पाय टेकतो. एटीव्हीवर पाय खाली टेकला तर मागचं चाक थेट त्यावर चढतं. पाय कायम फूटरेस्टवरच, मग गाडी कशीही कलो.

मुलांच्या बाबतीत अमेरिकेतले नियम बोलके आहेत. तिथे लहानांच्या गाड्यांचे वयानुसार वर्ग पाडलेले आहेत. ६ वर्षांवरच्या मुलांच्या गाडीचा कमाल वेग ताशी २४ किलोमीटर, आणि कंपनीकडून ती वेगमर्यादक लावून १६ वर बांधलेली येते. १० वर्षांवरच्यांची ४८ पर्यंत जाऊ शकते, पण सुरुवातीला २४ वर अडवलेली असते. मोठ्यांच्या गाडीला १६ वर्षांची अट. ‘वाढत्या अंगाचा’ हिशेब करून पोराला दोन मापं मोठी गाडी घेणं इथे जिवावर बेतू शकतं, कारण गाडीचा तोल सांभाळायला चालकाचं वजन आणि हातापायांची लांबी लागते. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सोळाच्या आतल्या कोणीही एटीव्ही चालवूच नये, या मताची आहे. आपल्याकडे पर्यटनस्थळी आठ-दहा वर्षांच्या मुलाला पुढे बसवून बाप मोठी गाडी पळवताना दिसतो, तेव्हा एकट्याच्या गाडीवर दोघं आणि मोठ्यांच्या गाडीवर मूल असे दोन नियम एकदम मोडलेले असतात.

गाडी उलटण्याचा प्रश्न सगळ्यात गांभीर्यानं घेतला तो ऑस्ट्रेलियानं. तिथे शेतावरच्या मृत्यूंमध्ये क्वाड बाइकचा, म्हणजे एटीव्हीचा, वाटा मोठा होता. ऑक्टोबर २०२० पासून तिथे विकायच्या प्रत्येक नव्या क्वाडला एक पट्टी लटकवावी लागते. गाडी किती अंशांच्या उतारावर कलंडायला लागते तो आकडा तिच्यावर छापलेला. ऑक्टोबर २०२१ पासून शेतीच्या गाड्यांना आणखी दोन अटी लागल्या. चालकामागे संरक्षक कमान हवी, आणि चाचणीच्या कलत्या टेबलावर गाडी बाजूला किमान २८.८१ अंशांपर्यंत टिकली पाहिजे. कमानीनं उलट नवी इजा होईल असं म्हणत होंडा आणि यामाहा यांनी तिथे या गाड्या विकणं थांबवलं. वाद बाजूला ठेवला तरी गिऱ्हाईकाला त्या पट्टीचा उपयोग आहेच: दोन गाड्यांची अश्वशक्ती पडताळतो तसे दोन गाड्यांचे अंशही शेजारी ठेवून बघता येतात.

भारतात या सगळ्याच्या आधी एक प्रश्न येतो, तो कायद्याचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्हींची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. म्हणजे खासगी आवारात, फार्महाउसवर, रिसॉर्टवर चालवा. गावच्या रस्त्यावरून शेजारच्या वाडीपर्यंतसुद्धा नाही. काही वर्षांपूर्वी पोलॅरिसनं स्पोर्ट्समन ५७० ‘ट्रॅक्टर’ म्हणून मंजूर करून घेतली आणि ती रस्त्यावर आणायची वाट शोधली. किंमत होती जवळपास ८ लाख.

त्या पैशात आंबा-काजूच्या बागायतदाराला काय मिळतं? महिंद्राच्या युवराजसारखा १५ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर त्याहून बराच कमी पैशात येतो आणि रोटावेटर, फवारणी यंत्र, ट्रॉली सगळं चालवतो. एटीव्ही नांगरत नाही. ती उजवी ठरते ती वेगात, आणि जिथे ट्रॅक्टर दाबून जमीन खराब करेल अशा मऊ जागी. बाग शंभर एकरांत विखुरलेली आहे, रोज कुंपण आणि पाइपलाइन बघत हिंडायचं आहे, अशा मोजक्या मालकांना ती परवडेल. पाच-दहा एकरवाल्यानं मोह टाळलेला बरा.

सरकारी खात्यांची गरज वेगळी, म्हणून त्यांची निवडही वेगळी. मुंबई पोलिसांकडे २०२१ मध्ये किनाऱ्यावरच्या गस्तीसाठी एटीव्ही आल्या, कारण ओल्या-कोरड्या वाळूत जीप रुतते आणि पायी गस्त अपुरी पडते. पर्यटकांच्या गाड्यांबद्दल मात्र कोकणात सावध राहायला हवं. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. टायरांनी पडलेल्या खोल चाकोरीत नुकतीच बाहेर पडलेली पिल्लं अडकतात आणि समुद्रापर्यंत पोचायला उशीर होतो.

विजेवरच्या गाड्याही आल्या आहेत. कॅन-अ‍ॅमच्या विजेवरच्या आउटलँडरचा पल्ला एका चार्जिंगमध्ये सुमारे ५० किलोमीटर, ताकद ४७ अश्वशक्ती. आवाज नाही, पट्टा नाही. आवारात फिरणाऱ्या रिसॉर्टवाल्याला ती सोयीची. दिवसभर रानात राहणाऱ्याला पेट्रोलची टाकीच बरी.

नवी असो वा जुनी, गाडीच्या किमतीत हेल्मेट, गॉगल, घोट्यावरपर्यंतचे बूट, हातमोजे, गेज आणि एक जादा पट्टा धरूनच बजेट ठरवावं. अमेरिकेत अनेक कंपन्या नव्या गिऱ्हाईकाला एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचं प्रशिक्षण मोफत देतात. आपल्याकडे तशी सोय विक्रेत्याकडे हक्कानं मागावी. सेकंडहँड गाडी बघताना आधी इंजिन ऑइल तपासावं. ते दुधाळ दिसलं तर गाडी पाण्यात बुडालेली असण्याची दाट शक्यता. चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवरचे रबरी बूट फाटलेले असतील तर आत चिखल गेलेला असतो आणि सांधा बदलावा लागतो. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवावं. खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेला. नंतर फोर-व्हीलचं बटण दाबून गाडी मऊ मातीत न्यावी आणि पुढची चाकं खरोखर ओढतात का ते उतरून टायरांच्या खुणांवरून बघावं. विक्रेत्यानं इंजिन आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत यावं आणि थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावावं.